एकोणीस नंबरच्या शेतातली विहीर

९ नोव्हेंबर १९३८

गावच्या फादरांनी निघताना ही वही हातात दिली. म्हणाले, "एर्सीलिया, पाचवीपर्यंत शिकलीस, तेवढं तरी विसरू नकोस." म्हणून लिहायला बसले आहे.

काल संध्याकाळी लिबियातल्या बेंगाझी बंदरातून लॉरीनं इथे आणून सोडलं. घर पांढरं, दारावर निळ्या रंगात १९. चार खोल्या आणि गोठा. खाटांवर चादरी अंथरलेल्या. टेबलावर पीठ, तेल, मीठ, आणि कंदिलाशेजारी काड्यापेटीसुद्धा. मी ती काड्यापेटी हातात घेऊन उगीचच उभी राहिले. इटलीत पो नदीकाठी आम्ही पाच जण मालकाच्या एका ओल्या खोलीत राहायचो, आणि पूर आला की तीही सोडायची.

माझा नवरा ओलिंदो शेत बघून आला. चालून दमलो, म्हणाला, पण शेत संपेना. दोघी पोरी, दिर्चे आणि लीना, खाटांवर उड्या मारत होत्या. सासूबाई मात्र टेबलाखाली, पलंगाखाली वाकून बघत होत्या. काय शोधताय विचारलं, तर म्हणाल्या, "एवढं सगळं फुकट कोण देतं? कुणाचं तरी असणार." मी म्हटलं, आई, सरकारनं बांधलं, जमीन ओसाड होती, बोटीवर साहेबांनी सांगितलं नाही का? त्या पुन्हा पलंगाखाली वाकल्या.

२४ नोव्हेंबर

जमीन तांबडी आणि वरवरची. नांगर दर दहा पावलांना दगडाला अडतो. आज ओलिंदोला गोठ्यामागे काळ्या पडलेल्या दगडांचं एक वर्तुळ सापडलं, त्यात राख, आणि जात्याची फुटकी तळी. वसाहत मंडळाचे निरीक्षक फाब्रियान साहेब नेमके आले होते. त्यांनी तळी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, रोमन आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपलेच लोक इथे गहू पिकवत होते, आता आपण परत आलो.

ते गेल्यावर ओलिंदोनं खिशातून एक झाकण काढलं. निळ्या मिन्याचं, चहाच्या किटलीचं. "हे पण त्याच राखेत होतं," तो म्हणाला. "रोमन लोक चहा पीत असत, हे मला माहीत नव्हतं." आम्ही खूप हसलो. झाकण मी मिठाच्या बरणीवर ठेवलं. चपखल बसतं.

१७ जानेवारी १९३९

पावसाचं छपरावरचं पाणी अंगणातल्या टाक्यात उतरलं, टाकं भरलं. मंडळानं बदामाची चारशे रोपं दिली. ती लावून कंबर मोडली.

आज शेतात एक बाई दिसली. या बाजूची, काळ्या-लाल कपड्यातली, माझ्याहून थोडी मोठी असावी. ती पावलं मोजत चालत होती. गोठ्यापासून सरळ गेली, एका ठिकाणी थांबली, मग वळून उताराकडे. तिथे दगडांचा एक ढीग आहे, त्यापाशी खूप वेळ उभी राहिली. सासूबाई झाडू घेऊन धावल्या. बाई पळाली नाही. सासूबाईंकडे बघितलं आणि आपल्या चालीनं टेकडीपलीकडे गेली.

ओलिंदो म्हणतो, चोरी करायची तर रोपं मोजेल, पावलं कशाला मोजेल?

५ मार्च

तिचं नाव गझाला. टेकडीपलीकडे भावाच्या राहुटीत असते, त्याच्या बकऱ्या राखते. लीनाचा खोकला कुंपणापलीकडून ऐकून तिनं ओव्यासारख्या वासाच्या रानातल्या पाल्याची जुडी आणून दिली. उकळून पाजली, दोन दिवसांत उतार पडला. मी अंडी दिली. मग ती तूप घेऊन आली, मी पाव दिला. असं आता दर आठवड्याला चालतं.

आपली भाषा तोडकीमोडकी बोलते, पण बोलते. कुठे शिकलीस विचारलं. म्हणाली, "तारेत. समुद्राकाठी. तीन वर्षं. शिपायांचे कपडे धुतले." कुठल्या तरी छावणीवर कामाला असणार. मी म्हटलं, बरं झालं, भाषा तरी आली. तिनं मान डोलावली.

सासूबाईंनी आज तिला बसायला स्टूल दिलं. ती जमिनीवर बसली. मग सासूबाईही जमिनीवर बसल्या. गुडघे धरले, शेवटी आम्ही दोघींनी त्यांना ओढून उठवलं.

११ जून

चार दिवस गिब्ली, वाळवंटातला तापलेला वारा, वाहतो आहे. तोंडात, पिठात, डोळ्यांत वाळू. टाकं तळाला गेलं. वसाहतीच्या गावातला पंप बिघडला आहे, पाण्याची लॉरी तीन दिवसांतून एकदा येते आणि माणशी एक बादली देते. गायीची धार निम्म्यावर आली. बदामाची पानं कडेनं जळू लागली आहेत. ओलिंदो संध्याकाळी एकेका रोपापाशी जाऊन उभा राहतो. पाणी नसताना जाऊन काय करतोस विचारलं तर म्हणाला, "कुणी आजारी असलं की आपण जातोच ना."

जन्मभर आम्ही पाण्याला घाबरलो, आणि आता हे.

२ जुलै

आज गझाला तूप न घेता आली. सरळ ओलिंदोकडे गेली. आजवर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"तुझी बदामं मरतायत," ती म्हणाली. "खाली पाणी आहे. मला जागा माहीत आहे."

ओलिंदोनं विचारलं, कुठे. तिनं लगेच सांगितलं नाही. आधी तिची अट: तिच्या भावाच्या बकऱ्यांना रोज त्यातलं पाणी मिळायला हवं, आज-उद्या नाही, कायम. ओलिंदोनं हात पुढे केला. तिनं हाताला हात लावला नाही, पण माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तू ऐकलंस ना?" मी म्हटलं, ऐकलं.

मग तिनं आम्हाला उतारावरच्या त्या दगडांच्या ढिगापाशी नेलं.

५ जुलै

ढीग उपसायला तीन दिवस लागले. खाली माती, मातीखाली सिमेंट. चांगली दीड वाव रुंद थाळी, हातभर जाड. आमच्या घराच्या पायालासुद्धा इतकं सिमेंट नसेल. कडेला कुणीतरी ओल्यातच बोटानं लिहिलं आहे: गिनो, लोरेओ, जुलै १९३०.

लोरेओ म्हणजे आमच्या गावापासून पायी दोन तास. माझी मावशी तिथे दिली आहे. मला आधी आनंदच झाला, एवढ्या लांब आपल्याकडचं कुणीतरी येऊन गेलं म्हणून. ओलिंदो मात्र उकिडवा बसून त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. "चांगली विहीर कुणी का बुजवेल?" तो म्हणाला.

सासूबाई मागून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "स्वतःला पाणी नको म्हणून कुणी विहीर बुजवत नाही. दुसऱ्याला मिळू नये म्हणून बुजवतात."

गझाला तिथेच होती. तिला विचारावं असं मनात आलं, पण ती पहारीकडे बघत होती, आमच्याकडे नाही.

१५ जुलै

नऊ दिवस पहार, घण आणि छिन्नी. ओलिंदोच्या हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. काल दुपारी थाळीला भोक पडलं आणि त्यातून गार हवा वर आली. खडा टाकला. मी तीनपर्यंत मोजलं, मग आवाज आला.

आज पहिला पोहरा वर काढला. ओलिंदोनं तो गझालापुढे धरला. ती प्यायली नाही. ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं, मग थोडं थोडं जमिनीवर सोडत पुटपुटत राहिली. प्रार्थना असेल म्हणून मी टोपी काढायला ओलिंदोला खुणावलं. पण नीट ऐकलं तेव्हा ती नावं होती. दर ओंजळीला एक. मी मोजली, अकरा.

पाणी गोड आहे. सासूबाई म्हणतात, गंजाची चव येते. त्यांना पो नदी सोडून सगळ्या पाण्याला गंजाची चव येते.

१९ ऑगस्ट

बदाम वाचले, सत्तरएक सोडून. बकऱ्या रोज सकाळी येतात, पितात, जातात.

आज फाब्रियान साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. ओलिंदोला विहिरीच्या काठावर उभं केलं, हातात पहार दिली, हनुवटी वर करायला सांगितली. वर्तमानपत्रात येणार: शेतकऱ्यानं शोधली रोमन विहीर. सिमेंटचे तुकडे फोटोवाल्यानं पायानं बाजूला सारले.

मग साहेब म्हणाले, आता इथे पंप बसेल, कुंपण आणि कुलूप लागेल, पाणी सगळ्या गावाचं. "आणि अरबांची जनावरं आत येता कामा नयेत. आज एक आलं की उद्या शंभर येतील, आणि मग ते म्हणतील, आमचाच हक्क."

मी ओलिंदोकडे बघितलं. तो म्हणाला, "हो साहेब."

रात्री मक्याचा पोलेंता वाढला. मी म्हटलं, तू हात पुढे केला होतास. तो म्हणाला, मग काय करू? बारा नंबरच्या लोकांनी उलट उत्तर दिलं, तर आठ दिवसांत बोटीत घालून परत पाठवलं. परत कुठे जायचं, त्या ओल्या खोलीत? मी पाठ फिरवून झोपले.

८ सप्टेंबर

कुंपण झालं. किल्ली आमच्याकडे असते, विहीर आमच्या शेतात म्हणून.

गझाला रोज येते. भांडत नाही, शिव्या देत नाही. बकऱ्यांना घेऊन कुंपणापाशी बसते, ऊन चढलं की जाते. काल तिच्या दोन बकऱ्या कमी होत्या. मी कारण विचारलं नाही, ते कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

ती ओरडली असती तर मला इतकं लागलं नसतं.

१२ सप्टेंबर

आज केलं. भर दुपारी सगळं गाव खिडक्या लावून झोपतं, तेव्हा किल्ली घेतली आणि कुंपण उघडलं. अर्ध्या तासात सगळ्या बकऱ्या पिऊन झाल्या. जाताना गझालानं झुडपाच्या फांदीनं बकऱ्यांच्या खुरांचे माग पुसले. मला ते सुचलंच नसतं.

ओलिंदोला सांगितलं नाही. सासूबाईंना कळलं आहे, कारण त्या दुपारी झोपत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या मी दाराशी बसते. कुणी दिसलं तर खोकेन."

६ ऑक्टोबर

वीस नंबरच्या तोनेल्लोबाईंनी साहेबांना कळवलं. सासूबाई खोकल्या, पण त्या हल्ली एरवीही खोकतात.

ओलिंदोला कचेरीत बोलावणं आलं. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. तो चालतच राहिला. कचेरीत साहेबांनी कागद पुढे ठेवला. मी म्हटलं, यांना माहीत नव्हतं, किल्ली मी घेतली. साहेब म्हणाले, बायकोवर ताबा नाही तो शेतावर काय ठेवणार; पुढच्या बोटीत चार जागा आहेत, म्हातारीची धरून पाच.

मी रडणार होते. तेवढ्यात ओलिंदो बोलला, नेहमीच्याच आवाजात, जणू बियाण्याविषयी विचारतो आहे.

"साहेब, ती विहीर रोमन नाही. ती लोरेओच्या गिनोनं बुजवली, जुलै एकोणीसशे तीसमध्ये. त्यानं सिमेंटवर नाव लिहिलंय. तो तुकडा माझ्या गोठ्यात आहे. वर्तमानपत्रवाल्यांना दाखवायचा राहून गेला."

साहेबांनी बराच वेळ कागदाच्या कडा सरळ केल्या. वाईट माणूस नाहीत ते. शेवटी म्हणाले, पंपाचं पाणी थोडं सांडतंच. ते कुंपणाबाहेर कुठे वाहून गेलं, आणि तिथे कुणी जनावरांना प्यायला दगडी हाळ बांधला, तर तो कागदावर यायचं कारण नाही. पण तो तुकडा फोडून टाका.

बाहेर आल्यावर ओलिंदो चर्चच्या पायरीवर बसला. मी त्याचा हात धरला, तर म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर मी तुला अडवलं असतं. म्हणून नाही सांगितलंस तेच बरं."

तुकडा त्यानं फोडला नाही. हाळाच्या तळाला घातला, अक्षरं खाली करून.

२० फेब्रुवारी १९४१

वर्षाच्या वर लिहिलं नव्हतं. लढाई आली आणि आमच्यावरून पुढे गेली. आपले शिपाई पळाले, इंग्रज आले. आजूबाजूच्या घरांत लूट झाली. गाव चर्चमध्ये गोळा झालं, पण सासूबाई हलेनात, म्हणून आम्हीही राहिलो.

गझालाचा भाऊ अब्दुल्जवाद बंदूक घेऊन चार दिवस आमच्या उंबऱ्याबाहेर बसून होता. आत आला नाही. सासूबाईंनी पोलेंता दिला, त्यानं शिष्टाचार म्हणून खाल्ला, चेहऱ्यावरून कळत होतं.

१९ जून १९४१

एप्रिलमध्ये आपलं सैन्य परत आलं, गावात बँड वाजला. त्यानंतर दोन महिने गझाला दिसली नाही. आज आली, एकटी, सात बकऱ्या घेऊन. भाऊ कुठे आहे विचारलं. ती हाळातलं शेवाळ हातानं काढत राहिली, मग म्हणाली, "आता नाही." आजारी होता का, म्हटलं. "नाही," ती म्हणाली. "शिपाई आले होते."

सासूबाईंनी आपली काळी शाल तिच्या खांद्यावर टाकली. तिनं ती ठेवून घेतली.

१५ नोव्हेंबर १९४२

इंग्रज पुन्हा जवळ आले, उद्या सकाळी लॉऱ्या येणार. सगळ्यांनी त्रिपोलीला जायचं, तिथून बोट मिळाली तर घरी. माणशी एक गाठोडं. सासूबाई मार्चमध्ये गेल्या, त्या इथेच राहणार. त्यांच्यावर दगड रचून ठेवले आहेत.

दुपारी गझाला आली. मी तिला घराची किल्ली दिली. म्हटलं, तू राहा, खाटा आहेत, चूल आहे. तिनं आत डोकावलं, चारी खोल्या पाहिल्या, पहिल्यांदाच. "घरात सातू चांगले राहतील," ती म्हणाली. "बकऱ्यापण. आम्ही बाहेरच बऱ्या."

मग आम्ही गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलो. चार वर्षांत मी विचारलं नव्हतं ते विचारलं. ती अकरा नावं कुणाची?

तिनं सांगितलं, शांतपणे, जसं कुणाला घरचे पत्ते सांगावेत तसं. गाय उभी असते तिथे त्यांची मोठी राहुटी होती. शिपाई आले, जनावरं घेतली, विहीर बुजवली आणि सगळ्यांना चालवत समुद्राकाठी नेलं, तारेच्या आत. "सोळा आत गेलो. पाच बाहेर आलो." नवरा, सासू, तिच्या दोन मुली. थोरली लीनाएवढी. भाऊ त्या पाचांतला होता.

म्हणजे ती राख, ते किटलीचं झाकण. बोटीवर सांगितलेलं ते ओसाड. मी तिला एकदा म्हटलं होतं, बरं झालं, भाषा तरी आली.

मी म्हटलं, "मग तू आम्हाला पाणी का दाखवलंस? आमची बदामं मरू द्यायची होतीस."

तिनं माझ्याकडे बघितलं, साधी गोष्टही न कळणाऱ्याकडे बघावं तसं.

"सिमेंट मला फुटत नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याकडे पहार होती."

मला राग यायला हवा होता का? आला नाही. उलट काहीतरी हलकं झालं, ते काय ते मला लिहिता येत नाही. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, उठताना आधारासाठी, आणि उठल्यावरही क्षणभर तसाच राहू दिला.

ओलिंदोला सांगितलं. त्यानं बांधलेलं गाठोडं सोडलं, त्यातली पहार काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

४ डिसेंबर १९४२, त्रिपोली

बंदरावरच्या शेडमध्ये आहोत. दिर्चेला ताप आहे, पण उतरतो आहे.

आज एक कारकून टेबल टाकून बसला होता. वसाहतीतून आलेल्यांनी मागे काय काय राहिलं ते लिहून द्यायचं, पुढेमागे सरकार भरपाई देईल. रांगेत लोक आठवून आठवून सांगत होते, खुर्च्यासुद्धा. आमची पाळी आली. घर, गोठा, गाय, बदामाची झाडं. ओलिंदो सांगत गेला. कारकुनानं यादी बघून विचारलं, "एकोणीस नंबर, म्हणजे ती वर्तमानपत्रातली विहीर तुमचीच ना? ती धरू या."

ओलिंदो माझ्याकडे बघू लागला.

"ती धरू नका," मी म्हटलं. "ती आमची नव्हती."

कारकून म्हणाला, बाई, मग कुणाची, मालकाचं नाव लागतं. मी नाव सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. शेवटी तो म्हणाला, असं नाव या कागदावर लिहायला जागा नाही, आणि त्या ओळीवर रेघ मारून पुढच्या माणसाला बोलावलं.

म्हणून इथे लिहिते. गझाला, हम्मादची मुलगी.